ओझं कोणी वाहायचं?

मित्रहो, पर्यावरणाच्या कायद्यावर व्याख्यान म्हटलं की वाघ, जंगल, गंगा यांच्यापासून सुरुवात होईल असं वाटतं. मी सुरुवात एका गटारापासून करणार आहे.

मध्य प्रदेशातलं रतलाम शहर. तिथला न्यू रोड, वॉर्ड क्रमांक १२. सत्तरच्या दशकातली गोष्ट. जवळच मद्यार्काचा एक कारखाना होता, त्याचं उग्र वासाचं सांडपाणी थेट रस्त्यावर यायचं. गटारं उघडी आणि तुंबलेली. शेजारच्या झोपडपट्टीत संडास नव्हते, त्यामुळे माणसं नाइलाजानं उघड्यावर बसायची आणि ती सगळी घाण रहिवाशांच्या दारापर्यंत यायची. डासांचं तर विचारूच नका. लोकांनी नगरपालिकेत खेटे घातले, काही झालं नाही. मग ते उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे गेले आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ त्यांच्यापुढे ठेवलं. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश द्यायचा अधिकार त्या कलमानं दंडाधिकाऱ्याला दिलेला होता. हे कलम इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं. त्यात पर्यावरण हा शब्दसुद्धा नाही.

दंडाधिकाऱ्यांनी १९७५ मध्ये नगरपालिकेला सांगितलं, सहा महिन्यांत आराखडा करा आणि ही घाण हटवा. नगरपालिकेनं काय करावं? ती अपिलात गेली. सत्र न्यायालयानं आदेश रद्द केला, उच्च न्यायालयानं तो पुन्हा कायम केला, तेव्हा नगरपालिका थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात पोचली. गटार बांधायला पैसे नाहीत म्हणणारी नगरपालिका तीन-तीन कोर्टांत लढत राहिली. तिचं म्हणणं काय, तर एक, आमच्याकडे निधी नाही. आणि दोन, या लोकांनी इथली परिस्थिती माहीत असूनच इथे घरं केली, तेव्हा आता तक्रार कसली?

हा दुसरा मुद्दा मी आजवर कितीतरी ठिकाणी ऐकला आहे. कारखान्याशेजारी राहणाऱ्यांना ऐकवतात, कचरा डेपोशेजारी राहणाऱ्यांना ऐकवतात. तुम्ही इथे आलातच का?

२९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. सार्वजनिक आरोग्य सांभाळण्यासाठीच जी संस्था जन्माला आली, तिला पैसे नाहीत म्हणून त्या कर्तव्यातून पळ काढता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. एवढं सांगून ते थांबले नाहीत. कारखान्याचं सांडपाणी रस्त्यावर येणं बंद करा, सहा महिन्यांत स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी पुरेसे संडास बांधा, तिथे पाण्याची सोय करा, सकाळ-संध्याकाळ सफाई ठेवा, असे आदेश दिले. देशाचं सर्वोच्च न्यायालय एका वॉर्डातल्या संडासाला पाणी पाहिजे हे लिहून देत होतं. मला हा निकाल फार जवळचा वाटतो तो याच ओळींमुळे. तत्त्वज्ञान त्यात पुष्कळ आहे, पण ते नळापर्यंत आणून सोडलं आहे.

त्या दिवशी बदललं काय? घाणीचं ओझं तोवर रहिवाशांच्या खांद्यावर होतं. सोसायचं त्यांनी, तक्रार त्यांनी करायची, आणि नगरपालिकेकडे पैसे येईपर्यंत वाटही त्यांनीच पाहायची. निकालानं ते ओझं उचललं आणि नगरपालिकेच्या खांद्यावर ठेवलं. पर्यावरणाच्या मोठ्या निकालांबद्दल मला आज जे सांगायचं आहे ते हेच. या निकालांनी तत्त्वं दिली, घोषणा दिल्या, पाठ्यपुस्तकांत धडे दिले. पण निकाल वाचताना मी एकच गोष्ट शोधते: ओझं आधी कोणावर होतं आणि निकालानंतर कोणावर गेलं.

राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं अनुच्छेद ४८-अ आणि ५१-अ आले. एकात राज्याला आणि दुसऱ्यात नागरिकांना पर्यावरणाचं रक्षण करायला सांगितलं. पण यातला पहिला मार्गदर्शक तत्त्वांत आणि दुसरा मूलभूत कर्तव्यांत. त्यांच्या आधारावर थेट कोर्टाचं दार ठोठावता येत नाही. मग स्वच्छ हवा-पाण्याचा हक्क आला कुठून? तो आला अनुच्छेद २१ मधून, जगण्याच्या हक्कातून. १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा यांचा हक्क येतो. विद्यार्थ्यांना मी हे प्रकरण नेहमी मुळातून वाचायला सांगते, कारण ती याचिका फेटाळली गेली होती. याचिकाकर्त्याचा हेतू जनहिताचा नाही, वैयक्तिक स्वार्थाचा आहे, असं कोर्टाला वाटलं आणि त्याला पाच हजार रुपये खर्चही भरायला लावला. पण निकालातलं ते वाक्य राहिलं. पुढे शेकडो गावांनी, वस्त्यांनी त्या वाक्याचा आधार घेतला.

वाक्य कसं प्रवास करतं, याचं याहून मोठं उदाहरण दिल्लीचं आहे. भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये जे झालं त्याची जखम ओली होती. पुरतं एक वर्ष झालं आणि ४ डिसेंबर १९८५ ला दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. दाट वस्तीत, राजधानीत. वकील एम. सी. मेहता यांची या कारखान्याबाबतची याचिका आधीच कोर्टात होती. आता तिला वेगळंच वजन आलं.

अशा अपघातात कारखानदाराची जबाबदारी किती, याबाबत आपल्याकडे चालत होता तो इंग्लंडमधला १८६८ चा रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा निकाल. एका गिरणीसाठी बांधलेल्या जलाशयाचं पाणी जुन्या खाणीच्या बोगद्यांतून शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं, त्यावरून झालेला. घातक वस्तू आपल्या जागेत आणून ठेवली आणि ती निसटली, तर चूक असो-नसो, भरपाई द्या, हा त्याचा नियम. ऐकायला कडक. पण त्याला पळवाटा होत्या: दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचं कृत्य, नुकसान झालेल्याची संमती. मोठ्या कंपनीचा चांगला वकील यातली एक तरी वाट शोधून काढायचाच.

सरन्यायाधीश भगवती आणि त्यांच्या पाच जणांच्या पीठानं २० डिसेंबर १९८६ ला या सगळ्या वाटा बंद केल्या. घातक उद्योग चालवून नफा कमावणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण, तिला अपवाद नाही. शिवाय उद्योग जितका मोठा, तितकी भरपाई मोठी, म्हणजे ती त्याला जाणवली पाहिजे. तिथे नेमकं काय बिघडलं, कोणता व्हॉल्व कोणी उघडा ठेवला, हे शोधण्याचं ओझं बिचाऱ्या पीडिताच्या डोक्यावरून उतरलं. कारखान्याच्या आत काय चालतं हे त्याला कळणार तरी कसं?

आता पुढचं बघा. त्या निकालानं गळतीत सापडलेल्यांच्या हातात थेट पैसे दिले नाहीत. त्यांच्यासाठी योग्य त्या न्यायालयात वेगळे दावे लावायला सांगितलं. नंतर १९९१ मध्ये भोपाळच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयातच या नियमाबद्दल शंका व्यक्त झाली, की हा नियम बंधनकारक आहे की केवळ ओघात आलेलं मत. १९९६ मध्ये बिछडी गावाच्या प्रकरणातल्या निकालानं ती शंका दूर केली, नियम बंधनकारक आहे असं ठरवलं. आणि पर्यावरणाच्या खटल्यांसाठी खास न्यायाधिकरण, म्हणजे आपण ज्याला हरित लवाद म्हणतो ते, उभं करणाऱ्या २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यात कलम १७ मध्ये संसदेनंच लिहिलं की, अपघात झाला तर चूक सिद्ध न करताही जबाबदारी लागू होईल. त्या वाक्याला या कायद्यापर्यंत पोचायला चोवीस वर्षं लागली.

बिछडीकडे येतेच, पण त्याआधी एक बाटली दाखवायची आहे.

मी वकिली सुरू केली तेव्हाची गोष्ट. एका कारखान्याविरुद्ध पाणी प्रदूषणाचा खटला होता. गावाचा ओढा तांबूस फेसानं भरून वाहायचा, म्हशी पाण्याला तोंड लावत नव्हत्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं नमुना घेतला होता. ती बाटली कोर्टात टेबलावर ठेवलेली मला अजून दिसते. तळाशी बोटभर गाळ, तोंडावर लाखेचं सील, गळ्यात सुतळीनं बांधलेली चिठ्ठी. प्रयोगशाळेचा अहवाल इतका स्पष्ट होता की आता निकाल आपल्या बाजूनं लागणारच, असं मला वाटत होतं. मग बचावाचे वकील उठले आणि त्यांनी एकच कागद मागितला. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २१ सांगतं की, नमुना घेताना कारखान्याच्या माणसाला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्यानं मागणी केली तर त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांना खूण आणि सील करायचं, सह्या घ्यायच्या. हे झालं नसेल तर अहवाल पुराव्यात येत नाही. नोटीस दिली होती असं अधिकारी म्हणत होते, पण तिची स्थळप्रत फायलीत सापडेना. बाटली टेबलावर तशीच राहिली. कारखाना सुटला. गावचे चार-पाच जण मागच्या बाकावर बसले होते, त्यांना काय झालं ते समजावून सांगताना माझ्याच घशात आवंढा आला.

नमुन्याची ही पद्धत चुकीची आहे असं मी म्हणत नाही. शिक्षा द्यायची तर पुरावा चोख हवा, आणि उद्या निर्दोष माणसाला तीच पद्धत वाचवेल. पण सगळं सिद्ध करायचं ते फक्त सोसणाऱ्यानं, ही व्यवस्था असली की गावाचा ओढा कोर्टात हरणार हे जवळपास ठरलेलंच. म्हणून २८ ऑगस्ट १९९६ चा वेल्लोरचा निकाल मला इतका मोठा वाटतो.

तमिळनाडूतल्या वेल्लोर भागातली पालार नदी आणि तिच्या काठचे चामडं कमावण्याचे कारखाने. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या अभ्यासाचा आधार कोर्टापुढे होता: सुमारे ३५ हजार हेक्टर शेतजमीन पूर्ण किंवा अंशतः नापीक झालेली. एका पाहणीत १३ गावांतल्या ४६७ पैकी ३५० विहिरी बिघडलेल्या आढळल्या. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांनी दोन तत्त्वं भारतीय कायद्याचा भाग आहेत असं जाहीर केलं. पहिलं सावधगिरीचं: गंभीर हानीचा धोका असेल तर शास्त्रीय पुरावा पुरता हाती नाही ही सबब चालणार नाही, आणि आपलं काम निर्धोक आहे हे दाखवण्याची जबाबदारी ते काम करणाऱ्याची. दुसरं, प्रदूषण करील त्यानं भरावं. नुसती माणसांची भरपाई नव्हे, तर नदी आणि जमीन पूर्ववत करण्याचा खर्चसुद्धा.

बाटलीचं ओझं इथे हललं. दाखवायचं आता कारखान्यानं.

ही तत्त्वं त्यावेळी संसदेच्या कोणत्याही कायद्यात शब्दशः लिहिलेली नव्हती. न्यायालयानं ती आंतरराष्ट्रीय करारांतून आणि घटनेतून उचलली. न्यायालयानं कायदा करावा का, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. त्याला उत्तर संसदेनंच दिलं. हरित न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम २० मध्ये शाश्वत विकास, सावधगिरी आणि प्रदूषकानं भरावं ही तिन्ही तत्त्वं लिहिली गेली. हे न्यायाधिकरणसुद्धा मुळात निकालांचंच अपत्य. १९९९ च्या नायडू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की, असल्या शास्त्रीय प्रश्नांसाठी न्यायाधीशांबरोबर तज्ज्ञही बसायला हवेत. विधी आयोगाचा १८६ वा अहवाल आला, मग २०१० चा कायदा. पुण्याच्या हरित लवादात आज न्यायिक सदस्याशेजारी तज्ज्ञ सदस्य बसलेला दिसतो, त्याच्यामागे हा प्रवास आहे.

आता बिछडी. राजस्थानात उदयपूरजवळचं गाव. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे एच-अ‍ॅसिड तयार व्हायला लागलं, रंग बनवायला वापरतात ते. त्यातून निघालेला सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ कारखान्याच्या आवारात आणि आसपास उघड्यावर पडून राहिला. पावसाचं पाणी त्याच्यातून झिरपत खाली गेलं आणि विहिरींचं पाणी गडद झालं. जनावरांना पाजायचं नाही, पिकाला द्यायचं नाही, माणसानं प्यायचा तर प्रश्नच नाही. विहीर आटते तेव्हा शेतकरी पुढच्या पावसाची वाट पाहतो. इथे विहिरी भरलेल्या होत्या आणि पाऊस विष आणखी खाली नेत होता.

१९८९ मध्ये याचिका झाली. नागपूरच्या नीरीनं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं, पाहणी केली. १३ फेब्रुवारी १९९६ ला न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी कंपन्यांना जबाबदार धरलं आणि सफाईचा खर्च त्यांच्याकडून वसूल करायला सांगितलं. हा निकाल प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवतात. पण पुढे काय झालं ते फारसं कोणी सांगत नाही. खर्चाचा आकडा ठरला, कंपन्यांनी तो भरला नाही. अर्जावर अर्ज पडत गेले, प्रत्येक अर्जावर सुनावणी, प्रत्येक सुनावणीला पुढची तारीख. १८ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं हे थांबवलं: सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये भरा, आणि त्यावर ४ नोव्हेंबर १९९७ पासून दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याज. वर कोर्टखर्चाचे १० लाख.

चक्रवाढ व्याजाच्या त्या ओळीवर मी नेहमी थांबते. निकाल लांबवला की फायदा होतो, पैसा वापरायला मिळतो, हे गणित कोर्टानं तिथे उलटं केलं. उशिराचं ओझं उशीर करणाऱ्यावर. तरीसुद्धा याचिकेपासून त्या आदेशापर्यंत बावीस वर्षं गेलेली होती. १९८९ मध्ये पाचवीत असलेली मुलगी २०११ मध्ये स्वतःच्या मुलांना शाळेत सोडत असेल.

इथवर ऐकून वाटेल की न्यायालयं ओझं नेहमी बलवानाकडेच सरकवतात. तसं नाही, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन प्रकरणातला आदेश घ्या. निलगिरीतल्या जंगलतोडीवरून सुरू झालेलं प्रकरण. कोर्टानं म्हटलं की, 'वन' म्हणजे शब्दकोशातल्या अर्थानं जे जे वन, मालकी कोणाचीही असो, सरकारी नोंद असो वा नसो. आदेशातल्या या एका व्याख्येनं देशभरातली कितीतरी जंगलं वाचली. पण त्याच प्रकरणाच्या आधारावर मे २००२ मध्ये केंद्रातून अतिक्रमणं हटवण्याचं परिपत्रक निघालं, आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्या आदिवासींना अतिक्रमणदार म्हणून हुसकावणं सुरू झालं. लाकूड ठेकेदाराचं पाप शेवटी महुआ वेचणाऱ्या बाईच्या माथी आलं. त्यावरच्या संघर्षातून २००६ चा वनहक्क कायदा झाला. आणि त्याच कायद्याच्या बळावर १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ओडिशातल्या नियामगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीबद्दल सांगितलं, आधी ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराच्या बारांनी नकार दिला. एका आदेशानं चुकीच्या खांद्यावर गेलेलं ओझं दुरुस्त व्हायला एक आंदोलन, एक कायदा आणि एक दुसरा निकाल लागला.

'वन' या शब्दाची लढाई अजून चालू आहे. वन संरक्षण कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनं ती व्याख्या आखूड केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन तूर्त शब्दकोशातलाच अर्थ चालू ठेवला.

आपल्या किनाऱ्यावरचं उदाहरण थोडक्यात सांगते. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये राज्यातल्या कांदळवनांच्या तोडीवर अंतरिम बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल दिला: कांदळवनांचा नाश हा अनुच्छेद २१ चा भंग, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम नाही, आणि सार्वजनिक हितासाठी तोडायचीच असतील तर आधी उच्च न्यायालयाची परवानगी घ्या. या शेवटच्या अटीनं परवानगी मिळत नाही असं नाही. बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे २२ हजार झाडं तोडायची परवानगी मिळालीच. मला त्याचं दुःख आहे. पण पूर्वी रात्रीतून भराव पडायचा आणि सकाळी कोळीवाड्यातल्या लोकांनी धावाधाव करायची. आता प्रकल्पवाल्याला आधी कोर्टात उभं राहून आपली गरज पटवावी लागते.

आणि निकाल मागेही जातात. १६ मे २०२५ ला वनशक्ती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की, आधी बांधून टाका आणि मागाहून पर्यावरण मंजुरी घ्या, हा प्रकार चालणार नाही. सहा महिन्यांत, १८ नोव्हेंबर २०२५ ला, दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं तो निकाल मागे घेतला गेला. मूळ निकाल देणाऱ्या पीठातले न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी विरोधी मत लिहिलं. पाडापाडीनं होणारं नुकसान बहुमताला मोठं वाटलं. माझं मत मी लपवत नाही: मागाहून मंजुरी म्हणजे सावधगिरीचं तत्त्व उलटं टांगणं. सावधगिरी कामाच्या आधी घ्यायची असते. पण विरोधी मतं वाया जात नाहीत, पुढच्या पीठासाठी ती लिहून ठेवलेली असतात, आणि पुढच्या वकिलांसाठीही.

पालारची गोष्टही संपलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे पहिल्या निकालानंतर २८ वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयानं त्याच चामड्याच्या कारखान्यांच्या प्रदूषणावर पुन्हा आदेश दिले, भरपाईचे आणि नदीच्या सफाईचे. देखरेखीसाठी निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमायला सांगितली आणि प्रकरण आपल्या हातात चालू ठेवलं.

व्याख्यानानंतर नेहमी कोणीतरी भेटायला येतं आणि विचारतं, आमच्या गल्लीत असं असं आहे, आम्ही सर्वोच्च न्यायालयात कसे जाणार? त्यांना मी रतलामचीच वाट दाखवते. ते कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ झालं आहे. पोलिसांचा अहवाल किंवा 'अन्य माहिती' यावरून दंडाधिकारी कारवाई करू शकतात, आणि त्या अन्य माहितीत तुमचा अर्ज येतो. प्रांत कार्यालयात जा. घाण कुठे आहे, कधीपासून आहे, तिचा त्रास कोणाकोणाला होतो हे साध्या भाषेत लिहा. तारखेसह फोटो जोडा. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, तिच्यावर पोच घ्या, आणि शिक्का व तारीख नीट उमटली आहे ना, हे खिडकीवरून हलण्याआधी बघा.